पायात काय घालून जाऊ?

मागच्या अंकात परदेशातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या मुलाखतींबद्दल लिहिलं होतं. त्यावर फीविषयी, गुणांविषयी पत्रं येणार हे धरूनच चालले होते. बुटांविषयी एवढी येतील असं वाटलं नव्हतं. पण प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे शिरवळला किंवा परळला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, मुलाखत नसतेच, त्यामुळे घरात, शेजारात विचारावं तर कुणाला अनुभव नसतो. म्हणून या वेळचं सदर पायांसाठी. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, ते लांबू दिलंय.

कोथरूडहून एक विद्यार्थिनी: *डॉक्टर, ब्रिटनमधल्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाने मला पुढच्या महिन्यात मुलाखतीला बोलावलं आहे. कार्यक्रम दिवसभराचा आहे. सकाळी माहिती, मग मुलाखती, जेवण आणि दुपारी तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर आवाराची फेरी. कपडे नीटनेटके आणि आरामदायक असावेत, एवढंच पत्रात लिहिलंय. मावशी म्हणते, फॉर्मल पँटवर टाचेचे पंप्सच शोभतात. बाबा म्हणतात, एवढं चालायचंय तर सरळ स्पोर्ट्स शूज घाल. मला दोन्ही पटत नाही. मी काय घेऊ?*

काळे किंवा गडद तपकिरी, पूर्ण बंद, लेसचे, वरून गुळगुळीत चामड्याचे आणि खाली रबरी सोल असलेले सपाट बूट घे. टाच इंचभर असली तर हरकत नाही, त्याहून जास्त नको. आता कारणं सांगते, कारण दुकानात सेल्समन पाच-सहा खोकी उघडून बसला की नुसता सल्ला विसरायला होतो, कारणं लक्षात राहतात.

आधी तो दिवस कसा जातो ते बघ. पुष्कळ महाविद्यालयांत आता एकच लांब मुलाखत नसते, छोट्या छोट्या मुलाखतींची रांग असते. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी सुरू केली आणि मग पशुवैद्यकातही रुजली. एकेका टेबलापाशी पाच ते दहा मिनिटं. बाहेर उभं राहून प्रश्न वाचायचा, घंटा झाली की आत जायचं, बोलायचं, पुन्हा घंटा झाली की पुढच्या दारापाशी. बसणं कमी, उभं राहणं आणि जागा बदलणं जास्त. त्यात जमिनी कडक, फरशीच्या नाहीतर लाकडी. टाचेच्या बुटात शरीराचा भार पुढे चवड्यावर येतो आणि अशा दिवशी तो तासन्‌तास तिथेच राहतो.

मी इथे पुण्यात मुलामुलींच्या सराव-मुलाखती घेते. मागे एका हुशार मुलीला विचारलं होतं, ‘वासरू वाचणार नाही हे तुम्हाला दिसतंय, मालकाला कसं सांगाल?’ तिने सुरुवात फार सुंदर केली. आधी मालकाला बसायला सांगेन, म्हणाली. मग तिने उजवा पाय बुटातून अर्धा बाहेर काढला, टाच बुटाच्या कडेवर टेकवली, पुन्हा आत घातला, भार डाव्या पायावर घेतला. बोलणं चालू होतं, पण वाक्यं तुटत गेली आणि शेवटी तिने दोन शब्दांत उत्तर आटोपलं. नंतर बघितलं तर टाचेमागे रुपयाएवढा भाग लालबुंद झाला होता. तिला उत्तर येत होतं. अशा वेळी मला मुलांपेक्षा त्या बुटांचाच राग येतो.

आता दुपारची फेरी. इथे तुझ्या मावशीचा आणि बाबांचा, दोघांचाही सल्ला अडतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचं कॅम्डनचं आवार भर शहरात आहे, पण हॉक्सहेडचं आवार हर्टफर्डशायरच्या मोकळ्या भागात आहे. एडिनबराचं ईस्टर बुश शहराबाहेर आहे. तेव्हा पत्रातला पत्ता नीट वाच आणि नकाशावर आजूबाजूला काय आहे ते बघ. जिथे गोठे, तबेले, मेंढ्यांचे वाडे जवळ आहेत तिथे फेरी त्या बाजूने जाण्याची शक्यता धरून चाल. गोठ्याची जमीन धुतलेली, ओली, वर पेंढा पडलेला. मधून मलमूत्राची गटारं, त्यांवर जाळी. बारीक टाच त्या जाळीत अडकते. पंप्सचा वरचा भाग उघडा, पाणी थेट पायावर. आणि स्पोर्ट्स शूज? चालायला उत्तम, पण त्यांची वरची जाळी शेणाचं पाणी शोषून घेते आणि ते पुसून निघत नाही. खालच्या खोल नक्षीत शेण, माती, पेंढ्याच्या काड्या अशा रुतून बसतात की काडी घेऊन टोकरावं लागतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. पशुवैद्याच्या पायातली वस्तू *धुता आली पाहिजे*. नुसती पुसता येऊन भागत नाही. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात रोग नेणारी माणसं कोण, तर दूधवाला, व्यापारी, पाहुणे आणि आपण डॉक्टर. लाळ्या-खुरकूताचा विषाणू शेण-मातीत चिकटून बुटांवरून सहज प्रवास करतो. ब्रिटनला हे २००१ मध्ये फार महागात पडलं. त्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. शेतांच्या दारात जंतुनाशकात भिजवलेल्या पेंढ्याच्या गाद्या टाकल्या होत्या, गावोगावच्या पायवाटा लोकांना बंद होत्या. तिथले लोक हे विसरलेले नाहीत. आपल्याकडे हा रोग अजून आहे, आपण लसीकरण करतो, आणि तू या देशातून तिथे जाते आहेस.

म्हणून फेरीच्या वेळी दारात जंतुनाशकाचा ट्रे असेल तर त्यात नुसता पाय बुडवून पुढे जाऊ नकोस. आधी शेजारच्या ब्रशने तळ घासायचा, चिकटलेलं सगळं काढायचं, मग बुडवायचा. शेण-माती मध्ये असली की बहुतेक जंतुनाशकांचा जोर तिथेच संपतो. तिथे वरून चढवायची प्लॅस्टिकची पादवेष्टणं दिली तर मुकाट्याने चढव. गमबूट दिले तर उत्तमच. यासाठी मोजे पोटरीपर्यंत येतील असे घाल, नाहीतर गमबुटाची कड पोटरीला घासत राहते.

हे कुणी मुलाखतीत गुणांसाठी मोजतं असं मी म्हणत नाही. पण तुझ्यापुढे चालणारी तिथली विद्यार्थिनी तळ घासून आत जाते आणि तूही न सांगता तसंच करतेस, तेव्हा तू त्या घरातली वाटतेस. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता खरेदी. लक्ष्मी रोडला जा, कॅम्पात एम. जी. रोडला जा, कुठेही जा, पण संध्याकाळी जा. दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात, मुलाखतीच्या दिवशीही तसेच असतील. जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पायांत बूट घालून उभी राहा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि नंबर त्या मोठ्या पायाचा घ्यायचा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. काहींचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेव्हा नुसतं अंगठ्यावर दाबून बघू नकोस.

मग बूट हातात घे. टाच आणि टोक धरून वाकव. तो चवड्याशी वाकला पाहिजे, जिथे तुझा पाय वाकतो तिथे. मधोमध घडी पडली तर परत ठेव. फडकं पिळतात तसा पिळून बघ, पिळला जाता कामा नये. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाब, तो ताठ हवा. मऊ पडला तर टाच आत वरखाली होते, आणि फोड येतो तो तिथेच. आत हात घालून शिवण चाचप. बोटांच्या सांध्यावर येणारी जाड शिवण नको. शेवटी उलटा करून तळ बघ. ओल्या जमिनीसाठी नक्षी हवीच, पण उथळ आणि रुंद, म्हणजे ब्रश फिरवला की साफ. चामड्याचा सोल दिसायला देखणा असतो, पण ओल्या फरशीवर घसरतो, तो नकोच.

सेल्समन ‘वापरून सैल होतील’ म्हणेल. चामडं रुंदीत थोडं ताणतं, लांबीत ताणत नाही. लांबीला आखूड बूट कायमचे आखूड.

घेतल्यावर आधी घरात घाल, संध्याकाळी तासभर. मग बाहेर. पर्वतीच्या पायऱ्या चढून उतर. उतरताना बोटं पुढे आपटतात का ते कळेल, आणि दुकानाच्या गालिच्यावर हे कधीच कळत नाही. फक्त हे बूट घालून इथल्या कुठल्याही गोठ्यात जाऊ नकोस. हवं तर गोठ्यासाठी बोहरी आळीतून वेगळे गमबूट घे, ते पुढे सगळी वर्षं लागतीलच.

विमानात सैल जुने बूट घाल, कारण लांबच्या प्रवासात पाय सुजतात. मुलाखतीचे बूट मात्र हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको. बॅग चुकली तर कपडे उसने मिळतात, पायाचे बूट मिळत नाहीत. तेव्हा जोड दोनच, एक प्रवासाचा आणि एक मुलाखतीचा.

हडपसरहून एक आई: *माझी मुलगी अमेरिकेत पदवीला आहे, आता तिथल्या डीव्हीएमसाठी, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीसाठी, मुलाखती सुरू होतील. सुट्टीत घरी आली आहे, तेव्हा बूट इथूनच घेऊन द्यावेत असं वाटतं. पण तिचे पंजे रुंद आहेत. बायकांचा कुठलाही फॉर्मल बूट घातला की करंगळी दुखते. एक नंबर मोठा घेतला तर टाच निघते. ती आता ‘माझेच पाय वाईट’ म्हणायला लागली आहे.*

तिला आधी सांगा की तिच्या पायात काही वाईट नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पंजे युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धत सुचवलेली आहे. आपण आजवर वापरतो ते ब्रिटिश नंबर. त्यात एका नंबराला लांबी जवळपास साडेआठ मिलिमीटरने वाढते. तुम्ही रुंदीसाठी नंबर वाढवलात, लांबी विनाकारण वाढली, म्हणून टाच निघते. दुखणं रुंदीचं आणि औषध लांबीचं, असं होतंय.

तिला कोऱ्या कागदावर उभं करा, बसवून नको. पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड काढा, दोन्ही पायांची. हा कागद घेऊन दुकानात जा. बुटातला आतला सोल निघत असेल तर काढून घ्या आणि त्या कागदावर ठेवा. करंगळीच्या बाजूला पावलाची रेघ सोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट पायात घालूनही बघू नका. निमुळत्या टोकाचे बहुतेक बायकी बूट इथेच बाद होतील.

मग पुरुषांच्या विभागात जा. मी हे अगदी गांभीर्याने सांगते आहे. तोच नंबर तिथे साधारणपणे पंजात रुंद मिळतो, पाच-सहा नंबरही कित्येकदा असतात, आणि साधा काळा डर्बी बूट मुलीच्या पायात अजिबात वेगळा दिसत नाही. डर्बी म्हणजे ज्याच्या लेसच्या दोन्ही पट्ट्या वरून मोकळ्या असतात तो. लेस सैल केली की दोन्ही बाजू चांगल्या उघडतात. ऑक्सफर्डमध्ये त्या पट्ट्या खाली शिवलेल्या असतात, रुंद आणि उंच पावलाला तो आवळतो. लेस पंज्याकडे सैल आणि घोट्याकडे घट्ट बांधायला शिकवा, टाच निघायची थांबेल. एवढं करूनही करंगळीशी जरासं लागलं तर चांगल्या चांभाराकडे द्या. तो बुटात लाकडी फर्मा घालून नेमकी तेवढीच जागा ताणून देतो. पण हे खऱ्या चामड्यातच जमतं, रेक्झिनमध्ये नाही.

अजून एक. पत्रात तुम्ही ओघात लिहिलंय की जाण्याआधी ती सासवडला आजोबांकडे जाणार आहे आणि तिथे गाई आहेत. जाऊ द्या जरूर, पण मुलाखतीचे बूट पुण्यातच राहू द्या. अमेरिकेत उतरताना शेतावर, कुरणावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का, हे सांगावं लागतं. तिने ते खरं सांगावं. पशुवैद्य होऊ पाहणाऱ्या मुलीने तर नक्कीच. ते फार तर बूट तपासतील, माती दिसली तर स्वच्छ करायला लावतील. त्यांच्याकडे १९२९ नंतर लाळ्या-खुरकूत आलेला नाही आणि तो येऊ नये म्हणून ते जपतात. गोठ्यात घातलेल्या चपला सासवडलाच ठेवा. आजोबांकडे धुण्याचा सोडा असेलच. लिटरभर पाण्यात चाळीस ग्रॅम घालून त्याने चपलांचे तळ घासले तर या विषाणूवर तो चांगला चालतो. हे आजोबांनाही सांगा, रोजच्या उपयोगाचं आहे.

मंचरहून एक नवे पशुवैद्य: *मॅडम, माझी पशुधन विकास अधिकारी पदासाठी मुलाखत आहे. वडिलांचे लग्नातले काळे बूट कपाटात आहेत, फार वापरलेले नाहीत, मला बरोबर बसतात. नवे घ्यायची आत्ता ऐपत नाही आणि ते बूट घालून जावं अशी आईची इच्छा आहे. चालतील का?*

चालतील की नाही हे बुटांचा सोल कशाचा आहे त्यावर ठरेल, आणि ते आजच तपासा. हलके, मऊ, फोमसारखे लागणारे सोल बहुधा पॉलियुरेथेनचे असतात. हवेतला ओलावा त्या पदार्थाची साखळी हळूहळू तोडत जातो. वापरात नसलेल्या बुटांचंही हे होतं, कपाटात बंद पडलेल्यांचं तर हमखास. वरचं चामडं नव्यासारखं चकाकतं आणि खालचा सोल चालायला लागलं की केकच्या चुऱ्यासारखा गळतो. मुलाखतीच्या इमारतीत जिना चढताना मागे काळा भुगा पडत गेलेला उमेदवार मी पाहिलेला आहे. बिचाऱ्याचं सगळं लक्ष खाली.

सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटून तशीच राहिली, चिकट लागलं किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो सोल गेला. बूट टाकायचे नाहीत. चांभाराकडून रबरी सोल चिकटवून वर शिवून घ्या. नुसता चिकटवू नका. नव्या बुटांच्या मानाने हा खर्च थोडा असतो. वरचं चामडं कोरडं पडलं असेल तर आधी ओल्या फडक्याने धूळ काढा, सावलीत वाळवा, मलम-पॉलिश लावून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी ब्रश मारा. लेस नव्या घाला. मग आठवडाभर रोज थोडं चाला. वडिलांच्या पायाने आतला सोल जिथे दबलाय तिथे तुमचा पाय दबेलच असं नाही. टोचत असेल तर आत पातळ नवा सोल टाका.

तुमच्या आईची इच्छा मला फार आवडली. सोल बदलून ते बूट जरूर घाला. आणि मुलाखतीत गोठ्यातल्या स्वच्छतेवर विचारलं तर वाचलेलं सांगण्याआधी स्वतः काय करता ते सांगा. दौंड-शिरूरकडच्या काही गोठ्यांत मी पाहिलंय, दाराबाहेर खुंटीला गमबूट उलटे टांगलेले असतात, येणाऱ्या डॉक्टरांसाठी. पाणी निथळतं, आत विंचू-किडा बसत नाही, आणि बाहेरचे बूट बाहेरच राहतात. एवढी साधी गोष्ट गावोगाव झाली तर किती जनावरं वाचतील! अधिकारी झालात की हे करून घ्या.

औंधहून एक विद्यार्थी: *माझी मुलाखत ऑनलाइन आहे. पाय दिसणारच नाहीत. बूट घालू की नको?*

घाल. अनवाणी बसलं की आपण नकळत पाय खुर्चीवर घेतो, मांडी घालतो, पाठ वाकते आणि आवाज दबतो. खुर्ची अशी ठेव की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. बूट रोजचेच चालतील, नवे नकोत.

सदाशिव पेठेतून एक विद्यार्थिनी: *मी मुलाखतीला सुती कुर्ता, सलवार आणि कोल्हापुरी घालणार आहे. तीच माझी ओळख आहे. बूट घातले की मी दुसरीच कुणी वाटते. मैत्रिणी म्हणतात, कपडेही बदल. तुम्हाला काय वाटतं?*

कपडे बदलू नकोस. सुती कुर्ता-सलवार कुठल्याही मुलाखतीला शोभतो आणि त्यात तू मोकळी बोलशील. ओढणी मात्र पिन लावून घे. जनावरापाशी लोंबती ओढणी नको, वासरं चघळतात.

कोल्हापुरीबद्दल मात्र तुझ्याशी सहमत होता येत नाही. मी स्वतः घरात, बाहेर, लग्नाकार्यात कोल्हापुरीच घालते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला खूप आनंद झाला होता. पण ती जनावराच्या शेजारी घालायची वस्तू नाही. संकरित गाय चार-पाचशे किलोची असते. तिने चिडून नव्हे, नुसतं सरकताना खूर पायावर ठेवला तरी उघडं बोट चिरडतं. बूट असेल तर निदान कातडी आणि नख वाचतं. शिवाय झाडांच्या सालींनी कमावलेलं ते चामडं पाणी पितं, एकदा मूत्र-पाणी मुरलं की धुऊन निघत नाही. पायाची बोटं उघडी असतील तर प्रयोगशाळेत किंवा गोठ्यात आत सोडत नाहीत, आणि तसं न सोडणंच बरोबर आहे. तुला फेरीत दाराबाहेर उभं राहावं लागलं तर मला वाईट वाटेल.

मऊ चामड्याचे सपाट, बंद बूट, तपकिरी रंगाचे घे. सलवारीखाली ते खटकत नाहीत. सलवार घोट्याच्या वरच संपेल अशी शिवून घे, नाहीतर खालची कड ओली होते. कोल्हापुरी पिशवीत असू दे. मुलाखत आटोपली, आवारातून बाहेर पडलीस की घाल.

धनकवडीहून एक विद्यार्थी: *परवा मुलाखत आहे. बूट नवे घेतले, काल तासभर घातले आणि दोन्ही टाचा चावल्या. डाव्या टाचेला फोड आलाय. आता काय करू?*

फोड फोडू नकोस. वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी आहे. साबणाने धू, कोरडं कर, मधे भोक पाडलेला जाड मऊ पॅड असा लाव की फोड भोकात राहील आणि दाब कडेवर येईल. वरून मायक्रोपोर टेप. औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते. उजवी टाच नुसती लाल असेल तर तिथे थेट टेप लाव, सुरकुती न पडू देता, आणि ती परवा संध्याकाळपर्यंत काढू नकोस. घासणं मग टेपवर होतं, कातडीवर नाही. घाम येत असेल तर एक जास्तीचे मोजे बरोबर ठेव आणि जेवणाच्या सुट्टीत बदल. ओली कातडी लवकर सोलवटते.

पण माझं ऐकशील तर ते नवे बूट परवा घालूच नकोस. कॉलेजला रोज घालतोस ते काळे असतील, बंद असतील, तर आज रात्री त्यांच्या लेस काढून धुवायला टाक, तळ जुन्या टूथब्रशने घासून काढ, पॉलिश कर. टाच एका बाजूने झिजली असेल तर उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या चांभाराकडून रबर लावून घे, त्याचं काम थोड्या वेळाचं असतं. आणि फोडाभोवती लाली पसरली, ठणका लागला किंवा पू दिसला तर मुलाखत होईपर्यंत थांबू नकोस, उद्याच डॉक्टरांना दाखव. घरात कुणाला मधुमेह आहे का ते तू लिहिलं नाहीस. तुला स्वतःला असेल तर आजच दाखव.